टोमणा सुचत नाही, बार्ड सोडू का?

ताई,

आम्ही पाच जण डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं वठवायचा खेळ खेळतो, २०१४ च्या नियमांनी. माझं पात्र बार्ड, म्हणजे शब्दासुरांनी जादू करणारी; ती सध्या दुसऱ्या लेव्हलला आहे, कॅरिस्मा (छाप पाडण्याचा आकडा) १६. व्हिशस मॉकरी, म्हणजे शत्रूला टोमणा मारायचा स्पेल (मंत्र), मी अगदी हौसेनं घेतली होती, आता तीच नकोशी झालीय. आमच्या डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) नियम असा की टोमणा तोंडानं म्हणून दाखवायचा. टेबल हसलं तर स्पेल लागला, नाही हसलं तर ॲक्शन (त्या पाळीची कृती) वाया. माझी पाळी आली की सगळे माझ्याकडे बघतात आणि माझं डोकं रिकामं होतं. आमच्यात जो रोग (चलाख चोरट्याचं पात्र) खेळतो तो हजरजबाबी आहे. तो मला ओळी पुरवतो, मग तर आणखीनच कानकोंडं होतं. मागच्या सेशनला त्याहून वाईट झालं. डीएमनं एक गॉब्लिन अडखळत बोलणारा केला होता. मला काही सुचेना, घाईघाईत म्हणून गेले, "आधी एक वाक्य तर पुरं करून दाखव!" सगळे हसले, स्पेल लागला. पण आमच्यात फायटर खेळणारा मित्र स्वतः बोलताना अडखळतो. त्यानंतर सेशन संपेपर्यंत तो फक्त फाशावरचे आकडे सांगत होता. मी काय करू? स्पेल बदलू? क्लासच (पात्राचा प्रकार) बदलू? आणि त्याच्याशी बोलू, की विषय न काढलेलाच बरा?

– गप्प बार्ड

प्रिय गप्प बार्ड,

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे पुढच्या सेशनपर्यंत थांबू शकतात आणि हा थांबू शकत नाही. त्याच्याशी बोल. आजच बोल, आणि एकट्याशी बोल. ग्रुपवर नको, सगळ्यांसमोर नको, सेशन सुरू होताना तर मुळीच नको. चार लोकांसमोर मागितलेली माफी नाकारता येत नाही. त्याला "अरे, सोड ना" म्हणावंच लागतं, आणि मनातलं मनातच राहतं.

बोलताना लांबण लावू नकोस. "मागच्या वेळी मी गॉब्लिनला जे म्हणाले ते म्हणायला नको होतं. तुझ्या लक्षात आलं असणार. मला वाईट वाटतंय. पुन्हा तसं होणार नाही." एवढं पुरे. "मला सुचत नव्हतं", "डीएमनंच तो आवाज काढला होता", "मी गॉब्लिनला म्हणाले, तुला नाही" हे सगळं खरं असेल, पण ते आत्ता बोलायचं नाही. ते बोललीस की समजूत काढायचं काम त्याच्यावर येतं. तो काही म्हणाला तर ऐकून घे. काहीच म्हणाला नाही तरी चालेल, उत्तरासाठी अडून बसू नकोस. कदाचित तो म्हणेल की मला काही वाटलंच नाही. तेही मान्य कर, आणि तरीही शब्द पाळ.

माझ्या मते या प्रसंगात डीएमचाही वाटा आहे. त्याच्या टेबलावर अडखळत बोलणारा माणूस बसलाय हे त्याला माहीत होतं, आणि तरी त्यानं हसण्यासाठी तसाच आवाज काढला. हे तू फायटरला सांगायची गरज नाही, पण डीएमला जरूर सांग. आणि त्याच बोलण्यात सगळ्यांसाठी एक गोष्ट ठरवून घ्या: टोमण्याचा स्पेल कुठे जाणार नाही. शरीर, बोलण्याची ढब, आजार, जन्मानं मिळालेली कुठलीही गोष्ट, घरची माणसं, हे सगळं कुंपणापलीकडे. खेळातल्या प्राण्याबाबतीतसुद्धा. कारण गॉब्लिनला कान नसतात, टेबलावरच्यांना असतात. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, सुरू करण्यापूर्वी जे सेशन झिरो घेतात ते अशाच गोष्टींसाठी. तुमचं तेव्हा राहून गेलं असेल तर आता मधेच घ्या, काही बिघडत नाही. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी मांडलेलं एक्स-कार्डही टेबलावर ठेवता येईल. फुली काढलेलं एक साधं कार्ड असतं. कुणालाही काही खुपलं की त्यानं कार्डाला हात लावायचा, तो प्रसंग तिथंच सोडून पुढे जायचं, आणि कारण सांगायची सक्ती नाही. तुझ्या मित्राला त्या दिवशी असं कार्ड हाताशी हवं होतं.

आता डीएमच्या नियमाकडे वळते. तो नियम चुकीचा आहे, आणि हे मी तुझी बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. व्हिशस मॉकरी नियमांच्या पुस्तकात कशी चालते ते बघ. ६० फुटांच्या आत दिसणारा एक शत्रू निवडायचा. त्याला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे, पण भाषा समजली पाहिजे असं नाही. मग तो विझ्डम सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकतो. हुकला तर १डी४ (चार बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढं) सायकिक डॅमेज, आणि त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत तो जो पहिला अटॅक रोल (वाराचा फासा) करेल त्यावर डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. या सगळ्यात टेबल हसलं का, हा प्रश्न कुठेच नाही. लांडग्यालाही हा स्पेल लागतो, आणि लांडग्याला तुझ्या शब्दांतलं अक्षरही कळत नाही. शब्दांना जादूची धार असते, ती धार काम करते. ती किती तीक्ष्ण हे तुझ्या बार्डच्या कॅरिस्मावर ठरतं: ८, अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलप्रमाणे मिळणारी भर) २, अधिक कॅरिस्माचे ३, म्हणजे तुझा सेव्ह डीसी, शत्रूला बचावासाठी गाठायचा आकडा, १३. डीएमनं शत्रूच्या सेव्हच्या आधी आणखी एक सेव्ह घुसडलाय, तोही तुला, खऱ्या तुला. फायटर खेळणाऱ्याला त्यानं कधी दार खांद्यानं तोडून दाखव म्हटलंय का? विझर्ड खेळणाऱ्याकडून खरा मंत्र मागितलाय का? मग बार्ड खेळणारीनंच खरोखर चतुर असल्याचा पुरावा दर टर्नला का द्यायचा? अबोल माणसाला सहा सेकंद बोलकं होऊन बघता यावं, यासाठीच तर कॅरिस्मा १६ लिहिलेला कागद असतो.

२०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात रोलप्ले करायच्या दोन पद्धती दिल्या आहेत. एकात पात्राच्या तोंडून थेट बोलायचं, दुसऱ्यात पात्र काय करतं, कसं बोलतं ते वर्णन करून सांगायचं. दोन्ही पुस्तकातल्याच आहेत, एक उच्च आणि एक नीच असं काही नाही. "माझी बार्ड ओगर राक्षसाच्या फुशारकीची नक्कल करत त्याच्या पराक्रमाचा पोवाडा गाते, आणि त्यात पराक्रम एकही नसतो" हे वाक्य पूर्ण व्हिशस मॉकरी आहे. त्यात एकही टोमणा प्रत्यक्ष म्हटलेला नाही, तरी टेबलावर चित्र उभं राहतं.

डीएमशी बोलताना त्याचा नियम नुसता मोडीत काढू नकोस, त्याला बदली काहीतरी दे. त्याला टेबलावर हशा हवाय, त्यात वावगं काही नाही. त्याला सांग: स्पेल लागतो की नाही ते फासे ठरवतील, वर्णन केलं तरी चालेल, आणि कधी एखादी ओळ खरंच जमून गेली तर तू मला इन्स्पिरेशन दे. इन्स्पिरेशन हा नियम आहेच, चांगल्या रोलप्लेसाठी डीएमनं द्यायचं बक्षीस, जे पुढे कधीतरी एखाद्या रोलवर ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) म्हणून वापरता येतं. यात हशाला वाव राहतो आणि न हसण्याची शिक्षा जाते. सेशनच्या बाहेर, निवांत वेळी बोल. खेळ चालू असताना वाद घातलास तर तो नियमाचा राहणार नाही, त्या एका टर्नचा होईल.

आता ज्या गोष्टीमुळे मला तुझं पत्र विशेष महत्त्वाचं वाटलं तिच्याकडे येते. तुझ्या टेबलानं व्हिशस मॉकरीला हसवायचा स्पेल करून टाकलंय, आणि तूही ते मान्य केलंयस. तो हसवायचा स्पेल नाही. तो सोबत्याचा जीव वाचवायचा स्पेल आहे. डॅमेजकडे बघ, सरासरी अडीच. यानं कोण मरतंय? खरी किंमत डिसॲडव्हान्टेजची.

ओगर घे. अटॅकला ६ अधिक, एकच दणका, सरासरी १३ डॅमेज. दुसऱ्या लेव्हलच्या पार्टीत असा एक दणका म्हणजे कुणीतरी आडवं. समोर चेनमेल (साखळीचं चिलखत) घातलेला फायटर आहे, आर्मर क्लास १६, म्हणजे वार लागायला फाशाची बेरीज एवढी तरी हवी. ओगरला डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, १० किंवा वर पडायला हवं, म्हणजे १०० पैकी ५५ वेळा तो लागतो. डिसॲडव्हान्टेज असताना दोन्ही डी२० वर १० किंवा वर पडायला हवं, म्हणजे ३० च्या आसपास. क्रिटिकलची, म्हणजे थेट २० पडण्याची, शक्यता २० त एकवरून ४०० त एकवर येते. आणि ओगरचा विझ्डम ७ असल्यामुळे त्याला उणे २ मिळतात. तुझ्या १३ डीसीला तो १०० पैकी ७० वेळा फसतो. स्पेल स्लॉट (मोजून मिळणारी मंत्राची संधी) जात नाही, कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावर एकाग्र राहणं) लागत नाही, हात बांधलेले असले तरी चालतं, फक्त तोंड उघडं पाहिजे. दर फेरीला तू हे करू शकतेस.

म्हणून लक्ष्य निवडताना "कुणाला काय म्हणू" असा विचार करू नकोस. आधी बघ, आता मार कुणाला बसणार आहे. सोबत्यांपैकी कुणाचे हिट पॉइंट संपत आलेत? त्याच्यावर कोण धावून येणार? ज्याचा एकच मोठा अटॅक आहे त्याच्यावर हा स्पेल सोन्यासारखा चालतो. जो एका टर्नला तीनदा मारतो त्याच्यावर त्यातला पहिलाच वार बिघडतो, तिथे दुसरं काही करता आलं तर कर. ड्रॅगनचा श्वास अटॅक रोल नसतो, त्यावर काही परिणाम नाही. लांडग्यांच्या झुंडीला पॅक टॅक्टिक्समुळे, म्हणजे मिळून हल्ला केल्यामुळे, ॲडव्हान्टेज मिळतं. मॉकरी लागली की त्या लांडग्याचं ते ॲडव्हान्टेज फिटतं, रोल साधा होतो. बार्बेरियन (रानटी योद्धा) रेकलेस (बेफाम) अटॅक करून स्वतःला उघडं पाडतो तेव्हाही हेच. आणखी एक, जे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: शत्रूचा "पुढचा अटॅक रोल" ऑपॉर्च्युनिटी अटॅकसुद्धा असू शकतो. सोबती अडकलाय, त्याला तिथून निसटायचंय, तर त्याच्या टर्नआधी तू शत्रूला टोमणा मार आणि मग त्याला पळू दे. मागून येणारा वार डिसॲडव्हान्टेजनं येईल. जखमी क्लेरिकला (पुरोहिताला) असं बाहेर काढलंस की टेबलावर कुणी हसो न हसो, तुझा टर्न सगळ्यांच्या लक्षात राहील.

हे मनात पक्कं बसलं की शब्दही सोपे होतात, कारण मग तू प्रेक्षकांसाठी बोलत नसतेस. तू एका विशिष्ट शत्रूचं लक्ष एका विशिष्ट माणसावरून उडवत असतेस. त्यासाठी विनोद लागत नाही. लागतो तो शत्रूकडे नीट बघण्याचा सराव. डीएमनं त्याच्याबद्दल आत्ताच काय सांगितलं? त्यानं काय केलं, काय फसलं, कशाचा तोरा मिरवतोय? ते उचलायचं. ओगरचा दांडा मागच्या फेरीत भिंतीवर आदळला होता ना? "भिंतीनं तुझं काय घोडं मारलं होतं?" चिलखत लखलखतंय असं डीएम म्हणाला? "एक ओरखडा नाही. आजवरच्या लढाया कुठे लपून काढल्यास?" दरोडेखोरांचा म्होरक्या टोळी घेऊन उभा आहे? "ती तुझ्या पाठीशी उभी नाहीत, तुझ्या आडोशाला उभी आहेत." मढी उठवणारा मांत्रिक? "जिवंत माणूस एक टिकला नाही तुझ्यापाशी, म्हणून मेलेले जमवलेस." यातली कुठलीही ओळ फार चतुर नाही. पण प्रत्येक ओळ त्या शत्रूच्या करणीवर आहे, दुसऱ्या कुणावर जाऊन पडणार नाही.

आयर्लंडच्या जुन्या कथांत याचं मूळ सापडावं इतकं जवळचं उदाहरण आहे. तिथे कवीच्या निंदेला फार भीत. निंदेनं राजाच्या तोंडावर फोड उठतात असं मानत, आणि व्यंग असलेल्या राजाला गादीवर राहता येत नसे. त्या कथांतला केअर्ब्रे हा कवी ब्रेस राजाकडे पाहुणा म्हणून गेला. राजानं त्याला एका अरुंद अंधाऱ्या खोपटात ठेवलं, ना शेकोटी ना अंथरूण, आणि पुढ्यात छोट्या थाळीत तीन कोरड्या भाकऱ्या. सकाळी निघताना कवीनं थोडक्या ओळी म्हटल्या: जेवण नाही, दूध नाही, रात्रीचा निवारा नाही, कलावंतांना बिदागी नाही, हीच दशा ब्रेसची होवो. आयर्लंडमधली ही पहिली निंदा असं ती कथा सांगते, आणि राजाची उतरती कळा तिथून लागली. बघ, राजाच्या रूपावर, चालण्यावर, बोलण्यावर अवाक्षर नाही. त्यानं जे केलं तेवढंच मोजून त्याच्या पदरात परत टाकलंय. तुला याहून चांगला गुरू मिळायचा नाही.

आणि तुझी बार्ड कशी बोलते ते एकदा ठरवून टाक, म्हणजे दर वेळी शून्यातून सुरुवात नको. सगळ्या बार्डांनी रोगसारखं फाडफाड बोललं पाहिजे असं कुठे आहे? एखादी बार्ड कमालीची अदबशीर असते: "क्षमा असावी, आपण वार केला होता का? माझं लक्ष नव्हतं." एखादी सगळं सुरातालात ऐकते: "ठेका सुटला. पुन्हा घे." हे तीन-चार शब्द प्रत्येक फसलेल्या वारावर चालतात, आणि चारपाच सेशननंतर टेबल त्याची वाटच बघायला लागतं. तुझ्यासाठी मला ही दुसरी बार्ड जास्त आवडेल. कमी बोलणारी, मोठ्या कानाची. तुझ्या गप्पपणाला तिच्यात जागा आहे, तो लपवावा लागत नाही. रोगवाल्या मित्राला मात्र प्रेमानं सांग की माझ्या टर्नला ओळी पुरवू नकोस. तो मदत म्हणून करत असेल, पण त्यामुळे तुझी बार्ड त्याच्या तोंडून बोलते.

स्पेल बदलायचं म्हणशील तर २०१४ च्या मूळ नियमांत बार्डला एकदा घेतलेली कॅन्ट्रिप (मॉकरीसारखा स्लॉट न लागणारा मंत्र) बदलता येत नाही. २०२० साली आलेल्या ऐच्छिक नियमानं चौथ्या लेव्हलला एक बदलता येते, अर्थात डीएम म्हणाला तर. २०२४ च्या नियमांत बार्डची लेव्हल वाढली की दर वेळी एक बदलता येते. तिथे मॉकरीचं डॅमेजही १डी६ झालंय, २००९ साली खेळाच्या चौथ्या आवृत्तीत होतं तसं. क्लास बदलू नकोस. तुझ्या पत्रात बार्डबद्दल एकही तक्रार नाही, तक्रार आहे ती त्या एका नियमाबद्दल. आधी तो बदलून घे, आणि मग दोनतीन सेशन खेळून बघ.

आणि हो, लवकरच तिसरी लेव्हल येईल, तेव्हा कॉलेज, म्हणजे बार्डची उपशाखा, निवडावं लागेल. कॉलेज ऑफ लोर घेतलंस तर कटिंग वर्ड्स मिळतील. शत्रूचा अटॅक, ॲबिलिटी चेक किंवा डॅमेज रोल पडला की रिॲक्शनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत, बार्डिक इन्स्पिरेशनचा (हे डीएम देतो त्याहून वेगळं, बार्डचं स्वतःचं) डाय, म्हणजे फासा, टाकून तेवढं त्यातून वजा करायचं. याला सेव्ह नाही. मात्र ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याच्यावर चार्म (मोहिनी) चालत नाही त्याला ते लागत नाही, आणि बार्डिक इन्स्पिरेशन दिवसाकाठी तुला तीनदाच आहे. तुझ्यासारख्या सोबत्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खेळाडूला हे कॉलेज फार शोभेल असं मला वाटतं. पण तेही शब्दांचंच हत्यार आहे, आणि रिॲक्शन असल्यामुळे विचाराला वेळ आणखी कमी मिळतो. तेव्हा डीएमशी जे काही बोलायचंय ते लेव्हल वाढायच्या आत उरकून घे.

– तुझी ताई